ऐकणाऱ्याची बाजू

संगीतावर आपल्याकडे थोडेथोडके लिहिले गेलेले नाही. घराण्यांवर ग्रंथ आहेत, गायकांची चरित्रे आहेत, बंदिशींचे संग्रह आहेत. नाटकमंडळ्यांच्या आठवणींना तर अंतच नाही. पण या सगळ्या लेखनात एक माणूस सतत अंधारात बसलेला दिसतो, तो म्हणजे समोरचा श्रोता. 'रसिकांनी उत्स्फूर्त दाद दिली' एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण होते. त्याने काय ऐकले, कसे ऐकले, त्याच्या ऐकण्याने गाण्यात काही फरक पडला काय, हे प्रश्न समीक्षक सहसा विचारत नाहीत. समीक्षेच्या दरबारात गायकाला गादी, साथीदारांना सतरंजी आणि श्रोत्याला बाहेर चपला सांभाळायचे काम, अशी ही वाटणी आहे.

या लेखात मला त्या श्रोत्याची बाजू मांडायची आहे. त्यासाठी जे उदाहरण घेणार आहे ते काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. ते आहे जपानमधल्या रॉक संगीताच्या चाहत्यांचे. सीमाभागातल्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला हा विषय कुठून सुचला, असे आमचे काही स्नेही नक्की विचारतील. तूर्त इतकेच सांगतो, की परक्या भाषेतले गाणे जीव लावून ऐकणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला नव्याने शिकवावे लागत नाही. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि रेडिओवर तिसरी, असेच आपण वाढलो. मात्र या ऐकण्याचे मोल काय, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

१

धारवाडला शिकत असताना वसतिगृहातल्या एका मित्राने मला एक कॅसेट दिली होती. कुणाच्या तरी तबकडीवरून उतरवून घेतलेली, वर बॉलपेनने 'मेड इन जपान' एवढेच लिहिलेली. मला वाटले, ते कॅसेट बनवणाऱ्या कंपनीचे गाव असावे! प्रत्यक्षात ते 'डीप पर्पल' या इंग्रज वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव होते. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ रोजी ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुदोकान सभागृहात झालेल्या कार्यक्रमांचे हे मुद्रण आहे. रिची ब्लॅकमोरची गिटार, जॉन लॉर्डचा ऑर्गन, इयान गिलनचा आवाज, रॉजर ग्लोव्हरची बेस गिटार आणि इयान पेसचे ड्रम. दोन तबकड्या आणि गाणी फक्त सात.

या मुद्रिकेची जन्मकथा मोठी बोलकी आहे. ती काढावी असा आग्रह जपानी कंपनीचा होता. कलावंत स्वतः नाखूष होते. काढायचीच तर फक्त जपानपुरती काढा, असे त्यांचे म्हणणे होते. मुद्रणाची जुळणी करायला पाचांपैकी ग्लोव्हर आणि पेस हे दोघेच फिरकले. नंतर स्टुडिओत बसून त्यात काही भर घातली नाही, असे त्या मंडळींचे सांगणे आहे. बाहेरच्या जगात विकल्या गेलेल्या आवृत्तीच्या वेष्टनावर छायाचित्र छापले गेले तेही लंडनच्या एका कार्यक्रमाचे! म्हणजे वेष्टनावर जपानचे फक्त नाव, आणि आत मात्र जपानी श्रोता पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत हजर. आज रॉक संगीताच्या इतिहासात प्रत्यक्ष मैफलीच्या थोर मुद्रणांची नावे घेतली जातात तेव्हा हे नाव वगळता येत नाही. निर्मात्यांनाच ज्याची फारशी मातब्बरी वाटली नव्हती, ते इतके टिकले कसे?

वाजवणाऱ्यांचा दर्जा हे पहिले कारण, यात शंका नाही. परंतु दुसरे कारण ऐकायचे असेल तर गाण्याच्या मागे कान लावावा लागतो. 'चाइल्ड इन टाइम' हे सुमारे बारा मिनिटांचे गाणे अगदी हलक्या ऑर्गनने सुरू होते. (ऑर्गन हा शब्द आपल्या नाट्यसंगीताच्या श्रोत्याला परका नाही, बालगंधर्वांच्या पदांना ज्याची साथ असे त्या पायपेटीच्या ऑर्गनचाच हा विजेवर चालणारा दूरचा भाऊबंद.) गायकाचा आवाज कुजबुजीपासून निघून पायरी पायरीने चढत शेवटी किंकाळीपर्यंत जातो. ही चढण रचता येते ती पहिल्या पायरीवर शांतता असेल तरच. ओसाका-टोकियोच्या श्रोत्यांनी ती शांतता पुरवली. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' हे मूळचे चार मिनिटांच्या आतले गाणे इथे दहा मिनिटांच्या घरात जाते, कारण मध्येच गिटार आणि गळा यांचा सवालजबाब रंगतो. ब्लॅकमोर एक तान फेकतो, गिलन ती गळ्याने हुबेहूब परत करतो. पुन्हा अधिक अवघड तान, पुन्हा परतफेड. आपल्या तमाशातल्या सवालजबाबाला जी गोष्ट लागते तीच इथेही लागते: जबाब येईपर्यंत दम धरणारा श्रोता. तो मधेच ओरडला तर सवालच बुडतो.

या मुद्रिकेची आरती मला ओवाळायची नाही. शेवटची संपूर्ण बाजू व्यापणारे 'स्पेस ट्रकिन' हे गाणे मूळचे साडेचार मिनिटांचे. इथे ते जवळजवळ वीस मिनिटे चालते आणि त्यातली काही मिनिटे तरी वादकाने स्वतःच्याच नादात घालवलेली आहेत. असा विस्तार ही मंडळी इतर देशांतही करीत असत, त्याचे सगळे श्रेय जपानी श्रोत्याला देणे योग्य होणार नाही. पण त्या विस्ताराला जागा देणारी आणि तरीही निर्जीव नसलेली ही शांतता मला अन्य ठिकाणच्या मुद्रणांत क्वचित आढळली. वर त्यातल्या बहुसंख्य श्रोत्यांना गाण्याचे शब्द कानावर पडताच कळत असतील असेही नाही. जे कळत नव्हते त्याची भरपाई ते लक्ष देऊन करीत होते.

२

याच बुदोकानमध्ये सहा वर्षांपूर्वी, म्हणजे १९६६ साली, एक वेगळा प्रसंग घडला होता. ही अष्टकोनी इमारत १९६४च्या ऑलिंपिकमधील जूदोसाठी बांधलेली. ३० जून ते २ जुलै १९६६ या तीन दिवसांत तिथे बीटल्सचे पाच कार्यक्रम झाले. युद्धकलांच्या पवित्र वास्तूत परकी केसाळ पोरे नाचणार म्हणून राष्ट्रवादी गटांनी निदर्शने केली. पोलिसांचा बंदोबस्त तर असा, की गाणाऱ्यांचे रक्षण चालले आहे की ऐकणाऱ्यांवर पहारा, हे कळू नये. श्रोत्यांनी जागा सोडायची नव्हती. किंकाळ्या होत्याच, पण इतर देशांत त्या गाणे गिळून टाकीत, तसे इथे झाले नाही. परिणाम असा झाला की बीटल्सना स्वतःचे गाणे ऐकू आले, आणि ते बेसूर होते आहे हेही! त्याच वर्षी ऑगस्टअखेर त्यांनी दौरे कायमचे थांबवले. त्याची कारणे अनेक होती. पण ऐकणारा गप्प राहिला म्हणजे गाणाऱ्याची परीक्षा होते, ही गोष्ट त्या तीन दिवसांत दिसून आली.

यावरून कुणी 'जपानी श्रोता म्हणजे मुका श्रोता' असा सिद्धान्त मांडील तर त्याला १९७८चे दुसरे मुद्रण ऐकवावे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावचा 'चीप ट्रिक' हा वाद्यवृंद. घरच्या बाजारात त्यांच्या तबकड्या पडून होत्या. जपानमध्ये मात्र पोरी त्यांच्यासाठी वेड्या झाल्या होत्या. एप्रिल १९७८मध्ये बुदोकानला झालेल्या कार्यक्रमांचे मुद्रण ऑक्टोबरमध्ये केवळ जपानसाठी निघाले. त्याच्या प्रती आयात होऊन अमेरिकेत खपू लागल्या, तेव्हा फेब्रुवारी १९७९मध्ये कंपनीने ते तिकडेही काढले, आणि जे गाणे १९७७ साली स्टुडिओच्या रूपात कुणी विचारले नव्हते ते 'आय वॉन्ट यू टू वॉन्ट मी' अमेरिकेच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेले. गाणे तेच, गाणारे तेच. फरक पडला तो गतीत, आणि हजारो मुलींच्या त्या आवाजात, जो कडव्यातल्या एका शब्दाचा प्रतिध्वनी नेमक्या मात्रेवर परत पाठवतो. आपल्याकडे भजनात धृपद धरणारे टाळकरी असतात, तसे हे काम आहे. इंग्रजी न बोलणाऱ्या मुलींनी ते शब्द पाठ केले होते, आणि कुठे गप्प राहायचे व कुठे उसळायचे हेही त्यांना पाठ होते.

आणि तिसरे मुद्रण बॉब डिलनचे. त्याच १९७८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याच बुदोकानमध्ये केलेले. बासरी, सॅक्सोफोन, मागे गाणाऱ्या स्त्रिया, असा भरगच्च संच घेऊन डिलनने आपली जुनी गाणी नव्या पोशाखात सादर केली. अमेरिकी समीक्षकांनी त्याची भरपूर टिंगल केली. ती सगळीच योग्य होती असे मला वाटत नाही, पण ही मुद्रिका ऐकताना गायक आणि श्रोते यांच्यामध्ये एक काच जाणवते. टाळ्या सभ्य आहेत, शांतता आदराची आहे, पण तिथून काही परत येत नाही. म्हणजे चांगला श्रोता असला की मैफल आपोआप जमते, असेही म्हणता येत नाही. डिलनच्या गाण्यात शब्द हाच जीव असतो. तिथे भाषेची भिंत खरोखर आडवी आली असावी. हा अपवाद मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे भाषेविषयी जे म्हणायचे आहे त्याला त्याची गरज आहे.

इंग्रजी वृत्तपत्रांत 'बिग इन जपान' असा एक वाक्प्रचार रूढ झाला. घरी कोणी विचारीत नाही, पण जपानात मोठे आहेत, अशा कलावंतांबद्दल तो ओठ मुडपून वापरला जातो. त्यातला टोमणा कलावंतापेक्षा श्रोत्याला अधिक लागतो, कारण त्याच्या पसंतीला कवडीची किंमत नाही असे त्यात गृहीत आहे. वस्तुतः या श्रोत्याने कुणाला आधी ओळखले याची यादी तपासण्यासारखी आहे. 'क्वीन' १९७५च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा टोकियोला उतरले तेव्हा विमानतळावरची गर्दी पाहून तेच चकित झाले होते. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांजिबारला जन्मलेला फारुख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले आणि तिथेच त्याने पहिल्या वाद्यवृंदात पियानो वाजवला. 'क्वीन'ने पुढच्याच वर्षी, १९७६ साली, 'तेओ तोरिआत्ते' हे गाणे काढले. ब्रायन मेने रचलेल्या या गाण्याचे धृपद काही ठिकाणी चक्क जपानीत आहे. घरात गुजराती बोलणाऱ्या, पाचगणीला इंग्रजीत शिकलेल्या एका पारशी गायकाने जपानी शब्द उच्चारून श्रोत्यांचे ऋण फेडले, असे म्हणायला हरकत नाही. श्रोत्याच्या ऐकण्याने गाण्याची भाषासुद्धा बदलू शकते, याचा याहून सरळ पुरावा मला ठाऊक नाही.

३

जपानबद्दल मराठीत वाचायला सुरुवात केली ती माझ्या पिढीने पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'पासून. तेव्हापासून आपल्या प्रवासवर्णनांत जपानी माणसाची शिस्त, त्याचा चहा आणि त्याची फुले ठरलेली आहेत. शिस्त जणू त्यांच्या रक्तातच आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. रॉक संगीताचा इतिहास याला दुजोरा देत नाही. २७ जानेवारी १९७८ रोजी साप्पोरो येथे 'रेनबो' या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात गर्दी पुढे रेटली गेली आणि चेंगराचेंगरीत एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. 'रेनबो' हा त्याच ब्लॅकमोरचा पुढचा संच. १९ एप्रिल १९८७ रोजी टोकियोच्या हिबिया उद्यानातल्या खुल्या प्रेक्षागृहात 'लाफिन नोज' या जपानी वाद्यवृंदाच्या वेळी तिघांचा जीव गेला. खुर्च्यांच्या रांगा, अडथळे, पहारेकरी, आपल्या खुर्चीपुढच्या जागेतच उभे राहण्याचा दंडक, हे सारे अशा ठेचा खाऊन घट्ट झाले. १९९७चा पहिला फुजी रॉक महोत्सव वादळात सापडला, दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम रद्द करावा लागला. १९९९पासून तो निईगाता प्रांतातल्या नाएबा येथे भरतो आणि तिथली स्वच्छता जगभर वाखाणली जाते. शिस्त शिकावी लागते, आणि शिकता येते. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला यात दिलासा आहे.

२०२४च्या उन्हाळी सुट्टीत मला हे थोडे जवळून पाहता आले. पुतण्या नोकरीनिमित्त टोकियोत निशी-कासाई भागात राहतो. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. 'काका, देवळे बघू या' असे तो म्हणत होता. मी म्हटले, आधी बुदोकान. कुदानशिता स्थानकातून वर आले की जुन्या किल्ल्याचा खंदक लागतो, आणि दरवाजातून आत गेल्यावर ते अष्टकोनी छप्पर. त्याच्या शेंड्यावरच्या सोनेरी कळसाला तिथले चाहते 'तामानेगी' म्हणजे कांदा म्हणतात. इतक्या गंभीर वास्तूला असे घरगुती नाव पडले ते ऐकणाऱ्यांच्याच तोंडून. ओसाकाला मात्र निराशा पदरी आली. १९५८ सालचा जुना फेस्टिव्हल हॉल २००८ साली बंद करून पाडला गेला, आणि २०१३ साली त्याच जागी उंच इमारतीच्या पोटात नवा उभा राहिला. ज्या भिंतींनी १९७२चा तो ऑगस्ट ऐकला त्या आता नाहीत. तो आता फक्त तबकडीत शिल्लक आहे.

एका संध्याकाळी पुतण्याने मला 'लाइव्ह हाउस'मध्ये नेले. तळघरातली खोली, फार तर दोनशे माणसे मावतील अशी. तिकिटावर क्रमांक असतो. दारातला मुलगा क्रमांक पुकारतो आणि माणसे त्या क्रमाने आत जातात. एका पेयाचे पैसे प्रत्येकाने भरायचेच. पिशव्या लॉकरमध्ये. गाणारी मुले अनोळखी, आवाज छाती हादरवणारा, आणि मला एक अक्षर कळत नव्हते. गाणे संपले की टाळ्या होत, आणि कुणी सुरी फिरवावी तशा एकदम थांबत. मग गायक बोलेपर्यंत पूर्ण शांतता. पहिल्यांदा मला ते अवघड वाटले. तिसऱ्या गाण्यानंतर ध्यानात आले की ही माणसे पुढच्या गाण्यासाठी जागा झाडून ठेवीत आहेत.

शेजारी उभी असलेली एक नोकरदार बाई सेन्दाईहून रात्रीच्या बसने आली होती आणि रात्रीच्याच बसने परत जाणार होती. पुतण्याने सांगितले, आवडत्या गायकासाठी असे गावोगाव जाण्याला इथले चाहते 'एन्सेइ' म्हणतात. शब्द मूळचा लष्करी, दूरच्या मोहिमेचा. आपल्याकडे याला वारीच म्हटले असते. येताना प्रसाद न्यावा तसा तिने गायकांच्या नावाचा टॉवेल विकत घेतला होता. शिबुयामधल्या 'लायन' या १९२६ सालापासूनच्या कॉफीगृहातही आम्ही गेलो. तिथे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्या लावतात, खुर्च्या एखाद्या देवघरासारख्या ध्वनिक्षेपकाकडे तोंड करून मांडलेल्या आहेत, आणि बोलायला मनाई आहे. घरात चांगले यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या काळात एका कप कॉफीच्या किमतीत ऐकण्याची ही शाळाच होती.

या शिस्तीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या तळघरात ठरावीक ओळीला सगळ्यांचे हात एकाच वेळी वर जात होते. ज्याला हात वर करायचा नसेल त्याचे काय, असा प्रश्न मनात आला. शांतता कधी एकाग्रतेची असते, कधी शेजाऱ्याच्या नजरेच्या धाकाची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. करोनाच्या काळात ही गोष्ट कसाला लागली. कार्यक्रम होत, पण श्रोत्यांनी तोंडातून आवाज काढायचा नाही, फक्त टाळ्या वाजवायच्या, असा नियम होता. २०२१चा फुजी रॉक महोत्सव केवळ जपानी कलावंतांवर आणि याच नियमांवर पार पडला. २०२३च्या सुरुवातीला बंधने सैल झाली तेव्हा श्रोत्यांच्या तोंडून गाणे परत आले. पुतण्या त्या सुमारास एका कार्यक्रमाला गेला होता. पहिल्या धृपदाला सगळे सभागृह गाऊ लागले आणि गायकाला पुढची ओळ गाता येईना, असे त्याने सांगितले. शांततेत मुरलेल्या श्रोत्यालाही आपला आवाज हवा असतो.

४

आता भाषेकडे वळतो, कारण आपल्या दृष्टीने गाभा तिथे आहे. १९७०च्या आसपास जपानमध्ये एक वाद पेटला होता: रॉक जपानी भाषेत गाता येते काय? युया उचिदा यांच्यासारखी मंडळी म्हणत, जपानी शब्द या चालींवर बसत नाहीत. जगापुढे जायचे तर इंग्रजीतच गायला हवे. त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. जपानीत बहुतेक अक्षरे स्वरान्त आणि प्रत्येकाला सारखाच अवधी. रॉकचा ताल मात्र इंग्रजीतल्या आघातांवर पोसलेला. उलट बाजूला 'हॅप्पी एंड' हा चौघांचा वाद्यवृंद होता: हारुओमी होसोनो, एइइची ओताकी, शिगेरू सुझुकी आणि ताकाशी मात्सुमोतो. ड्रम वाजवणारा मात्सुमोतोच गीते लिहीत असे. शब्द मधेच तोडून, स्वर लांबवून, तालाच्या फटीत अक्षर बसवून त्यांनी जपानीला नवे चालणे शिकवले. १९७१च्या त्यांच्या 'काझेमाची रोमान' या मुद्रिकेत ऑलिंपिकपूर्वीच्या, पुसल्या गेलेल्या टोकियोची आठवण आहे. आज जपानी रॉकच्या पायाभूत कृतींत ती अग्रभागी मोजली जाते.

मला महत्त्वाची वाटते ती यापूर्वीची पायरी. या चौघांनी 'बफेलो स्प्रिंगफील्ड'सारखे अमेरिकी वाद्यवृंद कान झिजेपर्यंत ऐकले होते. परके गाणे त्यांनी वरवर चाटले असते तर त्याची नक्कल हाती लागली असती. खोलवर ऐकल्यामुळे त्यांना प्रश्न पडला: हे लोक आपल्या गावाबद्दल, आपल्या बोलीत गातात, आपण का नाही? परक्या भाषेकडे दिलेले लक्ष त्यांना घराकडे घेऊन आले. उचिदा यांनी घडवलेल्या 'फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड'ने इंग्रजीत उत्तम काम केले आणि १९७२ साली, डीप पर्पलच्या आधीच, 'मेड इन जपान' नावाची मुद्रिका काढली. तिचे मुद्रण झाले होते कॅनडात! दोन्ही वाटांनी संगीत निर्माण झाले हे खरे. परंतु भाषा पुढे गेली ती एकाच वाटेने.

हा इतिहास वाचताना मला आपला सीमाभाग डोळ्यांपुढे दिसत होता. कुंदगोळचे रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व. त्यांची मातृभाषा कन्नड, पण मराठी रंगभूमीने त्यांना डोक्यावर घेतले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. त्यांच्या अभंगांनी मराठी घरांतली पहाट व्यापली, आणि त्यांच्याच तोंडून दासपदे ऐकत कन्नड घरे जागी झाली. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली पुढे कुमार गंधर्व झाले आणि देवासला राहून माळव्याची लोकगीते गाऊ लागले. हे सगळे गायकांच्या खाती जमा आहे. पण यांना घडवणारा श्रोता कोण होता? मराठी नाटक पाहायला येणारा कन्नड शेतकरी, कन्नड कीर्तनाला मांडी घालून बसणारा मराठी दुकानदार. शब्द अर्धे कळत, सूर पुरा कळे. त्या श्रोत्यांचे नाव कुठल्याही चरित्रात नाही.

आज तो श्रोता कुठे आहे? दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावरून आमच्याकडे रक्त तापते, आणि ते का तापते हे मला समजते. मराठी शाळेतली पटसंख्या मी दर जूनमध्ये स्वतः मोजतो. पण या तापाची झळ कानांनाही लागली आहे. मुले कन्नड चित्रपटगीते गुणगुणतात, कोरियन आणि जपानी गाणी ऐकतात, म्हणून पालक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. 'सर, अशाने मराठी राहणार कशी?' मी त्यांना विचारतो, मुलगा ते गाणे पुरते ऐकतो का? बहुधा उत्तर 'नाही' असे असते. पंधरा सेकंद एक गाणे, पंधरा सेकंद दुसरे. तसे ऐकणाऱ्याला जपानी मिळत नाही, कन्नड मिळत नाही आणि मराठीही हातची जाते. डिलनच्या श्रोत्यांपुढे भाषेची भिंत होती. त्यांनी निदान भिंतीशी बसून तीन तास कान दिला. आमच्या मैफलींत भिंत नसतानाही अर्धे सभागृह मोबाइलवर चित्रण करीत असते, आणि सत्कार-समारंभ लांबल्यामुळे गायकाच्या वाट्याला विलंबित ख्यालाऐवजी घड्याळ येते.

म्हणून गेल्या वर्षापासून शाळेत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अर्ध्या तासाचे श्रवण सुरू केले आहे. एक मराठी गाणे, एक कन्नड, आणि एक अशा भाषेतले जी वर्गात कुणालाच येत नाही. आधी काही समजावून सांगायचे नाही, मधे बोलायचे नाही, गाणे तोडायचे नाही. नंतर प्रत्येकाने मराठीत पाच ओळी लिहायच्या. पहिल्या दोन महिन्यांत 'गाणे छान होते' यापलीकडे काही येत नव्हते. आता येते. नववीतल्या एका मुलीने जपानी गाण्याबद्दल लिहिले, की हा माणूस कुणाला तरी हाक मारतो आहे आणि ते माणूस घरात नाही. 'हाक मारणे' हा आपला साधा शब्द, पण तो तिला त्या अनोळखी गाण्याने सुचवला.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या किंवा कॅसेटी पडून असतील, कोणत्याही भाषेतल्या, तर त्या भंगारात घालण्यापूर्वी जवळच्या एखाद्या शाळेला विचारून पाहावे. ऐकवायचे यंत्र आम्ही दुरुस्त करून घेतो. मुले बसायला तयार आहेत.